मधल्या बाकावरचा कप

“सोडायची का धरायची?” पानपट्टीवाल्यानं विचारलं.

“सोडायची,” मी म्हटलं. “लोक जमतात. मीटिंग असते त्यांची. इथंच कुठंतरी, शाळेत.”

“धरायच्या तीन जागा इथनं उभ्या उभ्या दाखवतो.” त्यानं चुन्याचं बोट रस्त्यावर फिरवलं. शेजारी उभे असलेले दोघं हसले. “सोडायची एकपण ठाऊक नाही. कुणासाठी पाहिजे?”

“वडिलांसाठी.”

“मग आणायचं की त्यांना. रिक्षात बसलेत का?”

“ते गेले. उद्या दहावा आहे.”

दोघांचं हसणं थांबलं. पानपट्टीवाल्यानं मात्र माझ्याकडं नीट पाहून घेतलं, बहुधा माझं डोकं ठिकाणावर आहे की नाही हे बघायला. मग पुढच्या गिऱ्हाइकाचं पान पुसायला घेत म्हणाला, “मग सुटली की बाई त्यांची. आता काय शोधताय?”

मी काय शोधत होते ते त्याला सांगण्यात अर्थ नव्हता. घरात सांगून झालं होतं आणि तिथंही अर्थ नव्हता.

अप्पा रेल्वेत गार्ड होते. आमचं गाव जंक्शनचं; गावातल्या निम्म्या घरांत कुणी ना कुणी रेल्वेत. त्यामुळं अप्पांची गाडीवरची ड्यूटी काढून त्यांना पार्सल ऑफिसात बसवलं, तेव्हा का बसवलं हे गावाला त्यांच्या आधी कळलं. नरगुंदे पितो, ही गावाला पाठ झालेली गोष्ट होती. निवृत्तीनंतरही ते संध्याकाळी फलाटावरच्या एका बाकावर जाऊन बसत. त्या बाकावरच ते गेले. हृदय बंद पडलं असं डॉक्टरांनी लिहून दिलं. पण ते कलंडले तेव्हा ऊन होतं आणि कुणी हात लावला तेव्हा दिवे लागले होते. मधल्या वेळात त्या बाकावरून जाणाऱ्या-येणाऱ्यांत ओळखीचे पुष्कळ होते. ओळखीचे होते म्हणूनच कुणी थांबलं नाही. नरगुंदे पिऊन पडलाय, असं म्हणून पुढं गेले.

त्याआधी काही महिने अप्पांनी मला पुण्याला फोन करून सांगितलं होतं, “वृंदा, सोडली बरं का.” हे मी लहानपणापासून ऐकत आले होते, म्हणून नुसतं ‘हं’ म्हटलं. तर ते म्हणाले, “आता मीटिंगला जातो. शाळेत असते. बाकावर बसवतात.” आणि हसले. त्यानंतरच्या प्रत्येक फोनमध्ये त्यांचा आवाज सरळ होता. आवाजावरून मला कळायचं. दारुड्यांच्या मुलींना पहिल्या शब्दात कळतं. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. पण विश्वास म्हणजे माहिती नव्हे. आणि दहाव्याच्या आदल्या दुपारी प्रभाकाकांनी जे सांगितलं त्यानंतर मला माहिती हवी होती.

प्रभाकाका अप्पांचे थोरले भाऊ. मुलगा नाही म्हणून सगळे विधी तेच करत होते. दुपारी जेवणं झाल्यावर त्यांनी उद्याच्या तयारीचा विषय काढला. दर्भ, तीळ, तांदूळ, अप्पांना आवडायचं म्हणून कांद्याची भजी. आणि मग तितक्याच सरळ आवाजात म्हणाले, “एक क्वार्टर आणून ठेवलीय माझ्या कपाटात. पिंडाशेजारी लागणार.”

“कशाला?” मी विचारलं.

“कशाला म्हणजे? कावळा शिवायला नको? जोशीभटजींच्या समोर तासभर उभं राहून मग ऐनवेळी कुणाला दुकानात पिटाळणार? ज्याचा जीव ज्यात अडकलेला असतो ते ठेवावं लागतं. मागं त्या गवळ्याच्या वेळी ठेवली, पाच मिनिटांत शिवला.”

“अप्पांनी सोडली होती.”

“वृंदे, तू पुण्याला असतेस. पुस्तकं वाचतेस. मनोहरनं किती वेळा सोडली ते मी मोजायचं थांबवलं.”

“ते मीटिंगला जात होते.”

“कसली मीटिंग? कोण म्हणतं? तू पाहिलीस? मी या गावात राहतो. एक माणूस आण मला, जो म्हणेल की मनोहर नरगुंदे प्यायला नव्हता. एक आण. मी बाटली उघडणार नाही.”

मी आईकडं पाहिलं. आई भिंतीला टेकून तांदूळ निवडत होती. “मला विचारू नका,” ती म्हणाली. “हल्ली वास यायचा नाही एवढं खरं. पण वास न येणारीपण मिळते म्हणतात.”

म्हणून मी संध्याकाळी चप्पल घालून बाहेर पडले होते.

पानपट्टीनंतर एका औषधांच्या दुकानात काचेवर आतून चिकटवलेला एक पिवळा कागद दिसला. ‘दारूची समस्या? आम्ही मदत करू शकतो.’ खाली नंबर. फोन उचलला तो एका चिडक्या आवाजानं.

“आपल्याला स्वतःला प्रॉब्लेम आहे का?”

“नाही. वडिलांना होता.”

“मग त्यांना बोलायला सांगा. घरच्यांनी बोलून उपयोग नसतो.”

“ते वारले.”

“मग तुमचं काम काय आहे?”

“मीटिंग कुठं असते तेवढं सांगा.”

“आज आहे ती बंद मीटिंग आहे. बाहेरच्यांना प्रवेश नसतो.”

“मी दाराशी उभी राहीन.”

“दाराशीपण नसतो,” तो म्हणाला, पण सांगितलं. नगरपालिकेची शाळा नंबर चार, मागचं फाटक, जांभळीच्या झाडाखालून. “विचारत विचारत येऊ नका,” त्यानं वर बजावलं. “येणाऱ्यांना त्रास होतो.”

माझं निम्म्या गावाला विचारून झालं होतं.

शाळेच्या मागच्या बाजूला एकाच वर्गात दिवा होता. दाराबाहेर पुरुषांच्या चपला. आत पहिलीच्या मुलांचे बुटके बाक होते आणि त्यांवर गुडघे छातीशी घेऊन दहाबारा मोठी माणसं बसली होती. भिंतीवर अ अननसाचा. समोरच्या टेबलावर अल्युमिनियमची किटली. त्यामागं फळीवर स्टीलचे तीन कप पालथे घातलेले. त्यांच्या बुडांवर धूळ होती. बाकीच्या सगळ्यांच्या हातांत तसलेच कप. कुणीतरी काही सांगत होतं. मी उंबऱ्यात आले आणि ते थांबलं.

मिशा असलेला एक दांडगा माणूस टेबलाशी बसला होता. तो उठला नाही. “बाई, कोण पाहिजे?”

“मी वृंदा नरगुंदे. मनोहर नरगुंद्यांची मुलगी.”

एकाही चेहऱ्यावर काही हललं नाही. मी आजवर अशी शांतता फक्त वर्गात पाहिली होती, काच कुणी फोडली असं विचारल्यावर.

“ते इथं येत होते का?”

“हितं कोण येतं ते आम्ही सांगत न्हाई,” मिशीवाला म्हणाला.

“ते गेलेत.”

“बोललेलं शब्द मागं घेता येत न्हाईत, म्हणून आम्ही पहिल्यापासनंच सांगत न्हाई. हितलं हितंच ऱ्हातं. तुमी बाहेर थांबा, न्हाईतर जावा.”

“मेलेल्या माणसाचं कसलं आलंय गुपित?”

“मेलेल्याचंच जास्त,” तो म्हणाला. “जित्या माणसाला वाटलं तर तो सोता सांगंल. मेलेल्याला विचारायची सोय न्हाई.”

मी आत गेले. कुणी ये म्हटलं नव्हतं. मधल्या ओळीत एक बाक रिकामा होता, त्यावर एकच चहाचा कप ठेवलेला. मी तिथं बसले, कारण माझे पाय दुखत होते आणि कारण या लोकांनी मला बाहेर जायला सांगितलं होतं. बसताना पलीकडच्या बाकावरचा माणूस दिसला आणि मी त्याला ओळखलं.

हुद्दार सर. आठवी ते दहावी त्यांनी मला मराठी शिकवलं. माझ्या वाचनाला शिस्त लागली ती त्यांच्यामुळं. गावात त्यांच्यासमोर लोक सायकलवरून उतरत. पुढच्या जूनमध्ये ते मुख्याध्यापक होणार होते; ते ठरवणाऱ्या संस्थेचे सचिव प्रभाकाका.

“सर,” मी म्हटलं.

त्यांनी समोर फळ्याकडं बघत उत्तर दिलं. “तू मला इथं पाहिलेलं नाहीस.”

“सर, तुम्ही अप्पांना ओळखत होता. फक्त एवढंच सांगा, ते—”

“वृंदा.” शुद्धलेखनाच्या चुका सांगायचे तोच आवाज. “तू मला इथं पाहिलेलं नाहीस. मीही तुला पाहिलेलं नाही. आता जा.”

माझा घसा कोरडा पडला होता. रागानं की चालून, कोण जाणे. मी समोरचा कप उचलला आणि एका दमात प्यायले. चहा गार होता, साय धरलेला. कोपऱ्यातला एक काटकुळा माणूस अर्धवट उठला. मिशीवाल्यानं त्याला तळव्यानं खाली बसवलं. सगळे माझ्याकडं बघत होते. इतके बघत होते की मला वाटलं, एका कप चहावरून ही माणसं आता मला धक्के मारून काढतील.

“साखरसुद्धा नाही,” मी कप आपटून म्हटलं. “बरं. मग माझं ऐका. उद्या सकाळी घाटावर माझे काका वडिलांच्या पिंडाशेजारी दारू ठेवणार आहेत. सगळ्या गावासमोर. तुमच्यापैकी एकानं येऊन एवढंच म्हणायचं की या माणसानं सोडली होती. सोडली असेल तर. नसेल सोडली तर तसं सांगा, मी गप्प घरी जाते. पण मला कळू द्या.”

“ठेवू दे की,” मिशीवाला म्हणाला.

“ठेवू दे?”

“बाटलीला आमी अडवत न्हाई. तसा कायदा न्हाई आमचा. आमी आपलं आपल्यापुरतं बघतो.” मग तो दुसरीकडं बघत म्हणाला, “झालं असंल तर उठा बाई. हितं माणसं बोलायची थांबल्यात.”

मी उठले. दाराशी चपला घालताना मागं कुणाच्यातरी नाक ओढण्याचा आवाज आला. मला वाटलं, हसतायत.

घरी काका माझी वाटच बघत होते. “आणलास का माणूस?” त्यांनी विचारलं. मी चपला काढून सरळ आत गेले. तेवढं त्यांना पुरलं.

सकाळी निघताना आईनं चहा टाकला. साखर घालायच्या आधी तिनं सवयीनं एक कप वेगळा काढला आणि मग त्या कपाकडं बघत उभी राहिली. अप्पांना मधुमेह होता. तिनं कितीतरी वर्षं असाच पहिला कप काढला असणार. “घे तू,” ती मला म्हणाली. मी कप हातात घेतला आणि मला काहीतरी आठवल्यासारखं झालं. पण बाहेरून काकांनी गाडीचा हॉर्न वाजवला आणि मी कप तसाच ओट्यावर ठेवून निघाले. आई आली नाही.

घाटावर आणखी दोन घरांचे दहावे होते. पायऱ्यांवर माणसं आपापले घोळके करून उभी होती. जोशीभटजींनी पिंड मांडले, काकांकडून पाणी सोडवलं आणि सगळ्यांना मागं सरायला सांगितलं. भज्यांचं पान शेजारी ठेवलं. वर पिंपळावर कावळे होते. शेजारच्या घरचा पिंड त्यांनी मांडताक्षणी शिवला. ती माणसं नमस्कार करून सुटल्यासारखी हसलीसुद्धा. आमच्या पिंडाकडं एकही उतरेना.

“कुणाच्या मनात काही असेल तर बोला,” भटजी म्हणाले. “मुलीचं, बायकोचं काही राहिलं असेल.”

काका पुढं झाले. त्यांचं डोकं नुकतंच भादरलेलं, उन्हात चकाकत होतं. “मनोहर, तुझ्या बायकोला आम्ही अंतर देणार नाही. काळजी करू नको.” त्यांनी हात जोडले. खरंच जोडले, त्यांचा आवाज थोडा कापला, हे मला सांगायला हवं. थोडा वेळ गेला. कावळा आला नाही. मागून कुणीतरी बारीक आवाजात म्हणालं, “अहो, त्याला काय हवंय ते काय सांगायला पाहिजे का?” आणि दबून हसणं ऐकू आलं.

काकांनी सदऱ्याच्या खिशातून बाटली काढली.

“काका, नको,” मी म्हटलं.

“माणूस आणलास?”

“ठेवू नका.”

“मीपण हौसेनं ठेवत नाही. तो माझा भाऊ होता. त्याला सुटू दे.” त्यांनी झाकण पिळलं, सील तुटल्याचा आवाज आला, आणि बाटली पिंडाशेजारी वाळूत रोवली. वास लगेच आला. लहानपणापासून मी तो वास घराच्या जिन्यातच ओळखायची.

मी पुढं जाऊन काही करणार तेवढ्यात दुसऱ्या घरच्या घोळक्यातून एक माणूस पायऱ्या उतरून आला. मिशीवाला. अंगात धुतलेला पांढरा सदरा. त्याच्या मागं कालचा काटकुळा, आणि त्यांच्या मागं आणखी चारपाच जण.

“ते उचला,” मिशीवाला म्हणाला.

“तुम्ही कोण?” काकांनी विचारलं. “त्याच्या गुत्त्यातले का?”

“माझं नाव शिवाप्पा. मी दारुडा हाय.” तो हे नाव-गाव सांगावं तसं म्हणाला. “ट्रक चालवत हुतो. दोन माणसं माझ्या चाकाखाली मेल्यात. नऊ वर्सं झाली, घेतली न्हाई.”

वरच्या पायरीवरची माणसं खाली बघायला लागली.

“मी इस्माईल,” काटकुळा म्हणाला. “मी दारुडा आहे. बायको सोडून गेली, परत आली नाही. घेत नाही मी आता.”

“माझं नाव तुकाराम. मी दारुडा आहे.”

“अरे, हा काय तमाशा आहे?” काका म्हणाले. “तुम्हाला कुणी विचारलं? मनोहर तुमच्यातला होता असं म्हणायचंय का तुम्हाला?”

“तसं आमी काय म्हणलं न्हाई,” शिवाप्पा म्हणाला. “मला माझं सांगता येतं. दुसऱ्याचं न्हाई.”

“मग कशाला आलात?”

“आपलं सांगायला.”

काका भटजींकडं वळले, मग लोकांकडं. “दारुड्यांची साक्ष,” ते मोठ्यानं म्हणाले. “शुद्धीवर नसलेल्यांनी सांगायचं, कोण शुद्धीवर होता. भटजी, तुम्ही चालू द्या.”

“प्रभाकरराव.”

मी आवाजावरून ओळखलं. हुद्दार सर सगळ्यांच्या मागं, पाण्याच्या अगदी कडेला उभे होते, चपला हातात घेऊन. मला वाटतं तोवर ते ठरवत होते. ते पुढं आले. पायऱ्यांवर त्यांचे निदान दहा विद्यार्थी उभे असतील. एकानं अजाणता सिगारेट पाठीमागं लपवली.

“माझं नाव गोविंद,” ते म्हणाले. “मी दारुडा आहे.”

काकांचं तोंड उघडं राहिलं. “सर, तुम्ही काय बोलताय?”

“चार वर्षं झाली, मी घेतलेली नाही. त्याआधी घेत होतो. वर्गातसुद्धा घेऊन आलो आहे, तुमच्या मुलाच्या वर्गात. सोमवारी संस्थेत येतो. हवं तर तिथं सविस्तर बोलू.” मग ते वाळूतल्या बाटलीकडं बघत म्हणाले, “आत्ता एवढंच करा. ते तिथून काढा.”

“तुम्हीच काढा मग,” काका म्हणाले.

शिवाप्पानं मान हलवली. “आमी हात लावत न्हाई तिला.”

कुणीच हलेना. एवढी माणसं, आणि मधे ती वीतभर उंचीची लाल बाटली. मग मी पिंडापाशी गेले, ती उचलली आणि बाजूच्या वाळूत पालथी केली. संपेपर्यंत धरून ठेवली. तेवढा वेळ त्या सातआठ माणसांनी तोंडं दुसरीकडं वळवली होती.

मग आम्ही थांबलो. आम्ही सगळेच पिंपळाकडं बघत होतो; काका, भटजी, गावकरी आणि ते. मी मनात अप्पांना विनवलं, की या एकदाच लवकर या. कावळा आला नाही. ऊन चढलं. तिसऱ्या घरचा पिंडही शिवून झाला. शेवटी भटजींनी घड्याळ पाहिलं, दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला टेकवून मंत्र म्हणून टाकला.

“झालं समाधान?” काका मला म्हणाले. “अडकवलंस ना बापाला? आता बस पुस्तक वाचत.” ते गाडीत बसले आणि मला न घेता गेले. त्यांच्या-माझ्यात त्यानंतर बोलणं राहिलं नाही. आता या गोष्टीला पुष्कळ वर्षं होऊन गेली, काकाही नाहीत. हुद्दार सर मुख्याध्यापक झाले नाहीत. संस्थेनं कारण लिहून दिलं नाही, आणि त्यांनी मागितलं नाही.

घाट रिकामा झाला. शिवाप्पा वरच्या पायरीवर बसून पायांची वाळू झाडत होता. बाकीचे निघून गेले होते. मी त्याच्यापाशी गेले. आभार मानावेत असं काही माझ्या मनात नव्हतं. माझ्या वडिलांबद्दल या लोकांनी अजूनही एक शब्द सांगितला नव्हता.

“तुम्ही आलात,” मी म्हटलं, “आणि सांगितलं मात्र काहीच नाही. काकांनी विचारलं तेव्हा हो म्हणायला काय झालं होतं? मला अजून माहीत नाही. ते प्यायलेले गेले की नाही, मला आयुष्यभर माहीत नसणार.”

“नाव सांगत न्हाई आमी,” तो म्हणाला.

“ऐकलं ते कालच.”

तो चप्पल घालायला वाकला आणि तसाच वाकलेला राहून म्हणाला, “चहा लई गार झालता न्हवं काल?”

“काय?”

“त्या बाकावरचा.”

मला आता राग यायलाही त्राण नव्हतं. “पैसे द्यायचेत का त्याचे? कुणाचा होता?”

“आमच्यातल्या एकाचा.” तो सरळ बसला. “आमच्यातला कोण गेला, की दहाव्यापातूर त्याच्या जागंवर त्याचा चहा ओततो. त्याला लागायचा तसा. मीटिंग उठली की बाहीर जांभळीच्या बुडात घालायचा. त्याला कोण शिवत न्हाई.”

नदीवर कुणीतरी कपडे आपटत होतं.

“आणि फळीवर होते ते? पालथे?”

“ते पिऊन गेले. त्यास्नी ओतत न्हाई. पण कप ठेवतो. आमचेच हायत ते.”

“मी बसले तिथं भरलेला होता.”

“हां. भरल्याला हुता.”

“त्यात साखर नव्हती,” मी म्हटलं.

“न्हवतीच. त्याला चालत न्हवती.”

मी त्याच्या शेजारी पायरीवर बसले. कालचे ते चेहरे मला एकेक करून दिसत होते. तो अर्धवट उठलेला इस्माईल, तो नाक ओढण्याचा आवाज. सायीची चव अजून टाळूला होती असं वाटलं.

“मी उचलला तेव्हा मला थांबवलं का नाही कुणी?” मी विचारलं.

“इस्माईल उठला हुता. मीच त्याला बस म्हणलं.” शिवाप्पानं पिंपळाकडं पाहिलं. कावळे अजून तिथंच होते. “कावळ्याला कोण हुसकतंय व्हय, बाई?”